तो, ती की तां? : वाचनालयाच्या प्रकल्पाच्या नोंदी

१ जून, रविवार

आजपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. सकाळी बंदरावर गेले तर होड्या वर ओढून झाल्या होत्या, ताडपत्र्या चढत होत्या. म्हणजे संध्याकाळी वाचनालयात माणसं येतील. एरवी पुरुषमाणसं फक्त पेपर चाळायला फिरकतात.

प्रकल्प मंजूर झाला. विषय मीच सुचवला होता: कृत्रिम बुद्धिमत्ता वेगवेगळ्या देशांच्या सिनेमांत आणि टीव्हीवर कशी रंगवली जाते. गणपतीत चाकरमानी गावी आले की वाचनालयाच्या ओटीवर दहा पाट्यांचं प्रदर्शन लावायचं. तोवर दर रविवारी पाच वाजता बसायचं, सिनेमांतले दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे बघायचे आणि बोलायचं. पाट्यांवर जे लिहायचं ते या बोलण्यातून यावं, एवढी एक अट मी घातली.

हे डोक्यात आलं ते सासूबाईंमुळे. त्या फोनमधल्या आवाजाला 'अहो' म्हणतात. "अहो, उद्या पाऊस आहे का हो?" नातू हसतो, पण त्या बदलत नाहीत. परक्या बाईला अरेतुरे कसं करायचं, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार महत्त्वाचं वाटलं. यंत्राशी कसं बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. माणसांशी जसं बोलायला शिकल्या तसंच त्या त्याच्याशी बोलतात. मग जपानी माणूस, रशियन माणूस, अमेरिकन माणूस कसा बोलत असेल?

कच्चा आराखडा केला. वहीत मधोमध रेघ ओढली. डावीकडे 'पश्चिम : भीती', उजवीकडे 'पूर्व : मैत्री'. टर्मिनेटर आणि मेट्रिक्स डावीकडे, अ‍ॅस्ट्रो बॉय आणि डोरेमॉन उजवीकडे.

८ जून

पहिली बैठक. सतरा माणसं, त्यात नऊ मुलं. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की पहिला अर्धा तास ओरडूनच बोलावं लागलं.

सुरुवात 'रोबो' या शब्दापासून केली. हा शब्द चेक भाषेतला. कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० मध्ये छापलं गेलं, १९२१ मध्ये प्रागला रंगभूमीवर आलं. शब्द सुचवला त्यांचा भाऊ जोसेफ याने. मूळ शब्द 'रोबोता'. रोबोता म्हणजे वेठ.

हे सांगितलं आणि मागच्या बाकावरचे तात्या म्हणाले, "वेठ म्हणजे आमची ती खोताची?"

हो, तीच. जमीनदाराच्या शेतात कुळाने फुकट राबायचं, ते. माझं माहेर राजापूरकडचं. आजी सांगायची, खोताच्या घरी भात कांडायला जायचं तर आपल्या घरचं कांडण रात्री. पहिला फणस त्यांच्याकडे पोचवायचा, मग आपल्याकडे चिरायचा. हे तिने स्वतः केलेलं होतं, ऐकीव नव्हतं. बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं ते १९३७ साली. कायदा झाला १९४९ मध्ये. अलिबागजवळच्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ला सुरू झाला तो सहा वर्षं चालला.

या तारखा मी मुद्दाम नाटकाच्या तारखांशेजारी मांडल्या, आणि मांडताना मलाच एक गोष्ट दिसली. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी खोतीविरुद्ध मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. त्यानंतर महिन्याभराने, ११ फेब्रुवारी १९३८ ला, बीबीसीने लंडनहून 'आर. यू. आर.'चा पस्तीसेक मिनिटांचा भाग टीव्हीवर दाखवला. टीव्हीवर आलेली ती पहिली विज्ञानकथा मानतात. दोन्हीकडे राबणाराच उठला होता. एकीकडे तो कल्पनेतला होता, एकीकडे आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतला.

नाटकात रोबो बंड करतात आणि माणसं मारतात. एकाला जिवंत ठेवतात, आल्क्विस्ट नावाच्या बांधकाम करणाऱ्याला. का? तर तो त्यांच्यासारखा हातांनी काम करतो. हे सांगून मी थांबले. तात्यांनी मान हलवली आणि बराच वेळ हलवतच राहिले.

पाटी क्र. १ चं शीर्षक ठरलं : 'रोबो म्हणजे वेठ्या'. वाचनालयाच्या समितीतल्या एकांना 'वेठ्या' शब्द बरा वाटला नाही. मला तो हवाच आहे. 'यंत्रमानव' म्हटलं की लोखंड दिसतं, 'वेठ्या' म्हटलं की माणूस दिसतो. चापेकचे रोबो लोखंडी नव्हतेच मुळी, ते मांसासारख्या घडवलेल्या द्रव्याचे होते. लोखंडी बाई आली ती नंतर, १९२७ मध्ये, फ्रिट्झ लांगच्या जर्मन 'मेट्रोपोलिस'मध्ये. तीही कामगारांच्याच गोष्टीत.

१५ जून

आज '२००१ : अ स्पेस ओडिसी'. स्टॅन्ली कुब्रिक, १९६८. गुरूकडे निघालेलं यान, आत पाच माणसं; तीन गाढ झोपवलेली, दोन जागी, आणि सहावा हॅल ९००० नावाचा संगणक. त्याचं शरीर नाही. एक लाल डोळा आणि एक शांत आवाज. तोच शेवटी माणसांच्या जिवावर उठतो.

इंग्रजी सबटायटल्स आमच्या निम्म्या लोकांना वाचता येत नाहीत. म्हणून संवाद मराठीत आधी लिहून काढायचे आणि तुकडा चालू असताना आवाज कमी करून ते वाचायचे, असं ठरवलं. बारावीतली एक मुलगी हॅल झाली, मी बाकी सगळे.

लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. हॅल अंतराळवीराला 'तू' म्हणेल की 'तुम्ही'? इंग्रजीत हा प्रश्नच नाही, एकच शब्द सगळ्यांना पुरतो. मराठीत ठरवल्याशिवाय पुढचं क्रियापदसुद्धा लिहिता येत नाही. शुक्रवारची अख्खी रात्र त्यात गेली. शेवटी हॅल 'तुम्ही' म्हणेल आणि अंतराळवीर त्याला 'तू' म्हणेल, असं केलं. नोकर घरात वाढलेला, मालकापेक्षा हुशार, आणि तरी तुम्ही-तुम्ही करणारा. वाचताना अंगावर आलं. दार उघडायला तो नकार देतो तेव्हा 'तुम्ही' अधिकच गार लागतं.

मग ती जागा. अंतराळवीर हॅलची स्मृती एकेक पट्टी करून काढून घेतो. हॅल विनवतो, त्याला भीती वाटते आहे असं सांगतो, हळूहळू लहान होत जातो आणि शेवटी त्याला पहिल्यांदा शिकवलेलं गाणं म्हणतो. १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत खऱ्या संगणकाकडून जे गाणं गाऊन घेतलं होतं, तेच. आमची हॅल वाचता वाचता आपोआप 'तू'वर आली. कागदावर 'तुम्ही' होतं. नंतर विचारलं तर म्हणाली, "तो मरत होता ना काकी." बदल तसाच ठेवला.

वाडीतला तांडेल भिंतीला टेकून बघत होता. त्याच्या होडीवर जीपीएस आहे, मासे दाखवणारं यंत्र आहे, वायरलेस आहे. यंत्राचं त्याला अप्रूप नाही. सगळं झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, "वयनी, त्या हॅलाक परत घराक येवचा होता काय?"

मी म्हटलं, त्याचं घर कुठे? तो यानाचाच भाग.

"मगे तेच्यार भरवसो कसो ठेवतलो? ज्या खलाशाक घराक येवचा नाय, तेका मी होडयेर घेणय नाय."

या सिनेमावर मी बरंच वाचलेलं आहे, पण हे कुठे वाचल्याचं आठवत नाही. पाटी क्र. २ वर तांडेलाचं वाक्य जसंच्या तसं, मालवणीतच.

२२ जून

लाईट नाही. बैठक रद्द. इन्व्हर्टर प्रोजेक्टर ओढत नाही हे कळलं. पाट्यांच्या प्लायवूडला ओल लागते आहे. सगळ्या माळ्यावर चढवल्या.

२९ जून

मुलांची बैठक. पहिला प्रश्न विचारला : तुम्हाला कुठला रोबो माहीत आहे? टर्मिनेटर, ट्रान्सफॉर्मर्स, आयर्नमॅन (तो रोबो नाही यावर पाच मिनिटं भांडण). डोरेमॉनचं नाव एकानेही घेतलं नाही. मी आठवण दिली तर सगळी गप्प. मग एक दुसरीतली मुलगी म्हणाली, "डोरेमॉन रोबो नाय. डोरेमॉन डोरेमॉन आसा."

आमच्या मुलांना हिंदी येते ती बरीचशी डोरेमॉनमुळे. रोज तासभर ज्याच्याबरोबर घालवतात तो बाविसाव्या शतकात बनलेला यंत्रबोका आहे, हे त्यांना माहीत असूनही ती ते मोजत नाहीत. त्याला नोबिता नावाच्या शाळकरी मुलाकडे पाठवतो कोण? नोबिताच्या नातवाचा नातू. खापरपणजोबांनी करून ठेवलेल्या कर्जात पुढच्या पिढ्या बुडालेल्या, म्हणून नातवंडांनी भूतकाळात माणूस पाठवावा तसा बोका पाठवला. घराण्याची गोष्ट आहे ही. आपल्याकडे पितरांसाठी पान वाढतात. इथे पुढच्यांनी मागच्यांची काळजी घेतली.

मग अ‍ॅस्ट्रो बॉय, जपानीत तेत्सुवान आतोमु. ओसामू तेझुका यांनी त्याच्या नावाची चित्रकथा १९५२ मध्ये सुरू केली आणि १ जानेवारी १९६३ पासून तो टीव्हीवर दिसू लागला. इथे माझ्या दोन रकान्यांना तडा गेला. मी त्याला 'मैत्री'त टाकला होता. पण गोष्ट काय आहे? एका शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात जातो. तो त्याच्यासारखा रोबो घडवतो, आणि हा पोरगा वाढत नाही हे लक्षात आल्यावर चक्क सर्कशीला विकून टाकतो. सर्कशीतून त्याला दुसरा एक म्हातारा शास्त्रज्ञ सोडवतो. पुढे हा मुलगा माणसांसाठी लढत राहतो, तरी माणसं रोबोंना हलकंच मानतात. याला नुसतं 'जपानी लोकांना रोबो आवडतात' म्हणून सोडून देणं म्हणजे त्या मुलावर दुसऱ्यांदा अन्याय. मुलांना सर्कशीचं सांगितलं तेव्हा दोघींचे डोळे भरले.

आणि उलट बाजूने, मृत मुलाच्या जागी आणलेलं यंत्र ही गोष्ट अमेरिकेलाही परकी नाही. स्पीलबर्गच्या २००१ मधल्या 'ए. आय.'मध्ये मुलगा आजारी, बरा होण्याची आशा नाही, म्हणून घरात यंत्राचा मुलगा येतो. खरा मुलगा बरा होऊन परततो आणि मग आई यंत्राच्या मुलाला रानात सोडून येते. सर्कस तिथे, रान इथे. पूर्व-पश्चिम रेघ पुसून टाकली. वहीचं पानच फाडलं.

रशियन गोष्ट मुलांना सगळ्यात आवडली. 'इलेक्ट्रॉनिकची साहसं', १९७९ मध्ये तयार झालेला तीन भागांचा टीव्ही चित्रपट. प्राध्यापकाकडून पळालेला रोबो मुलगा हुबेहूब आपल्यासारख्या दिसणाऱ्या एका शाळकरी मुलाला भेटतो आणि तो मुलगा त्याला आपल्या जागी शाळेत पाठवून देतो. टाळ्या. मग हळूहळू घरीही त्यालाच मान मिळायला लागतो आणि खऱ्या मुलाला कळतं की आपली जागा गेली. टाळ्या थांबल्या.

शेवटी जपानची चहा देणारी बाहुली. ही सिनेमाच्या कितीतरी आधीची. ती कशी बनवायची याचं पुस्तक १७९६ मध्ये छापलेलं आहे. बाहुलीच्या हातातल्या तबकात पेला ठेवला की ती पाहुण्याकडे चालू लागते, पेला उचलला की थांबते, रिकामा पेला परत ठेवला की वळून माघारी जाते. आतली स्प्रिंग देवमाशाच्या तोंडातल्या पट्टीची. मुलं म्हणाली, आमच्या पिंगुळीतही आहेत की! कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या त्यांनी शाळेच्या सहलीत पाहिल्यात. फरक त्यांनीच सांगितला : आपल्या बाहुलीचा दोरा माणसाच्या हातात दिसतो.

६ जुलै

आषाढी एकादशी. बैठक नाही. देवळात भजन. सासूबाईंना पाटी क्र. ३ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, सिंहासन बत्तिशीतल्या बाहुल्या घे ना, त्या राजाला बसू देत नाहीत. खरंच! घडवलेल्या बत्तीस पुतळ्या राजालाच प्रश्न विचारतात, तुझी योग्यता आहे का म्हणून. त्या बंड करत नाहीत, सेवाही करत नाहीत. असं यंत्र मला अजून सिनेमात भेटलेलं नाही.

१३ जुलै

भरगच्च बैठक, कारण रजनीकांत. 'एंदिरन', तमिळ, दिग्दर्शक शंकर, २०१०. आमच्याकडे सगळ्यांनी तो हिंदीत 'रोबोट' म्हणून पाहिलेला.

चिट्टी हा त्यातला रोबो. तरुण पोरांना शेवटची हजारो चिट्टींची मारामारी हवी होती. मी आगीचा प्रसंग लावला. इमारतीला आग लागली आहे, चिट्टी एकेकाला उचलून बाहेर आणतो. एक मुलगी न्हाणीघरात आहे, अंगावर कपडा नाही. ती नको नको म्हणते, चादर मागते. त्याला आग कळते, लाज कळत नाही. तो तिला तशीच सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर आणून उभी करतो. ती लाजेने पळत सुटते आणि गाडीखाली येते.

खोलीत कुणी हललं नाही. मग खालच्या वाडीतल्या एक बाई म्हणाल्या, "जीव वाचवल्यान, पण बाईक मारल्यान."

याच जागेसाठी मी हा सिनेमा घेतला. अमेरिकन सिनेमातलं यंत्र चुकतं तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या हातात शस्त्र असतं. टर्मिनेटरमध्ये स्कायनेट नावाचं संगणकांचं जाळं अण्वस्त्रं सोडतं, १९८४. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'वॉरगेम्स'मध्ये लष्कराचा संगणक खेळ आणि युद्ध यांत गोंधळतो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो पाहिला आणि असं खरंच घडू शकतं का, हे आपल्या सेनाधिकाऱ्यांना विचारलं. शीतयुद्धातल्या देशाला यंत्राची भीती बॉम्बच्या रूपातच दिसणार. चेन्नईत बनलेल्या सिनेमात यंत्राची मोठी चूक म्हणजे चारचौघांत बाईची अब्रू राखता न येणं. त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या हे लक्षात येतं आणि मग तो त्याला भावना शिकवायला घेतो. भावना आल्यावर चिट्टी त्याच्याच वाग्दत्त वधूच्या प्रेमात पडतो आणि भस्मासुराची गोष्ट सुरू होते. वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात.

शेवट मात्र भस्मासुरासारखा नाही. न्यायालयाचा हुकूम मानून चिट्टी स्वतःच स्वतःचे भाग सुटे करतो. २०३० साली तो संग्रहालयात काचेमागे आहे आणि सहलीला आलेलं एक मूल विचारतं, तुला का मोडलं? तो सांगतो, मी विचार करायला लागलो म्हणून. हे ऐकून तात्यांना पुन्हा वेठ आठवली असेल का? विचारायचं राहिलं.

२० जुलै

बायकांची वेगळी बैठक, दुपारी तीनला. टीव्हीवरचे रोबो. आधी अमेरिकेची 'स्मॉल वंडर', वडिलांनी बनवलेली, मुलगी म्हणून घरात ठेवलेली विकी. तिच्यावरून २००३ मध्ये आपल्याकडे 'करिश्मा का करिश्मा' झाली. ती पाहिलेल्या आज तिशीत आहेत, सगळ्यांना आठवत होती.

मग २०१६ ची हिंदी मालिका 'बहू हमारी रजनीकांत'. रोबो सून. ती थकत नाही, उलट बोलत नाही, सांगाल ते करते. आधी हशा झाला. मग एकीने विचारलं की या घरात जावई रोबो का नाही? आणि गप्पांचा सूर बदलला. ज्या कामाची माणूस म्हणून दखल घेतली जात नाही, तिथे यंत्र चटकन बसतं. चापेकच्या नाटकात मजूर, इथे सून. सकाळी साडेचारला उठून चूल पेटवणाऱ्या बाईला हे कुणी सांगायला लागत नाही. मलाच पाटी क्र. १ आणि क्र. ६ एकमेकींशेजारी लावायच्या आहेत हे आज कळलं.

२७ जुलै

आजची बैठक वाचनालयात नाही, वाडीतल्या काकींच्या घरी, त्यांच्या टीव्हीवर. पूर्ण सिनेमा. 'अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५', मल्याळम, दिग्दर्शक रतीश बालकृष्णन पोदुवाल, नोव्हेंबर २०१९.

काकींचं घर निवडायचं कारण साधं. त्या एकट्या राहतात, टीव्ही मोठा आहे (मुलाने गेल्या मे महिन्यात बसवून दिलाय), आणि पावसात पडवीत आठ-दहा बाया बसतात. घरात चौदा खांब आहेत, माणूस एक. आमच्या वाडीत अशी सात घरं मोजली मी. मुलगे, आमच्या बोलीत झील, लालबागला, डोंबिवलीला, एक दुबईला.

गोष्ट पय्यनूरची. कोकण रेल्वेने मंगळूरकडे गेलं आणि तसंच पुढे केरळात शिरलं की लागतं. माड, जांभा, कौलं, पाऊस, सगळं आमचंच. म्हातारा भास्करन एकटा. बायको नाही, हट्टी स्वभाव, नव्या यंत्रांशी वाकडं. इंजिनिअर मुलाला रशियात नोकरी लागते. कुणीही सांभाळायला ठेवलं की म्हातारा त्याला टिकू देत नाही. शेवटी मुलगा रोबो आणून ठेवतो आणि परत जातो. म्हातारा आधी त्याला घरात घेत नाही. मग त्याला कपडे घालतो, मुंडू नेसवतो.

दीड हजार ओळी मराठीत उतरवायला मला अकरा रात्री लागल्या. पहिल्या पानावरच अडले ती जुनीच अडचण : रोबो मराठीत 'तो', यंत्र 'ते', मशीन 'ती'. कागदावर 'तो' लिहिलं. पण पडवीतल्या बाया बोलत होत्या मालवणीत, आणि मालवणीत लहान मुलाला म्हणायला नपुंसकलिंगी 'तां' आहे. वस्तूलाही 'तां', लेकरालाही 'तां'. अर्ध्या सिनेमापर्यंत 'तां मशीन' चाललं होतं. म्हाताऱ्याने मुंडू नेसवल्यावर एक आजी म्हणाली, "बगा, कसां दिसता तां!" आणि त्या 'तां'मध्ये वस्तू कुठे संपली आणि लेकरू कुठे सुरू झालं, ते सांगता येईना. मी पुढचे सगळे 'तो' पेन्सिलीने खोडले आणि 'तां' वाचायला लागले.

एकदा काकी मध्येच म्हणाल्या, "गो, तां खाता काय?" मी म्हटलं, काही नाही, चार्ज करावं लागतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर चहा करायला उठल्या तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जेवक घालूचा नाय तर दिवसभर करतलंय काय?"

ही गोष्ट मला अजून सोडत नाहीये. म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला कुणीतरी हवं, एवढंच आपण धरून चालतो. काकींना सांभाळायला कुणीतरी हवं होतं. त्या वाढतात, आग्रह करतात, उरलं तर झाकून ठेवतात. न जेवणारं लेकरू त्यांच्या काय कामाचं?

रोबोच्या आत सूरज तेलक्काड हा कलाकार होता, हे शेवटी सांगितलं. नुसता मुखवटा आणि आत माणूस. बायांना धक्का बसेल असं वाटलं होतं. त्यांना हायसं वाटलं. "तरीच," असं तिघी एकदम म्हणाल्या.

३ ऑगस्ट

बंदी उठली. तांडेल पहिल्याच दिवशी समुद्रावर. बैठकीला सहा माणसं.

कुंजप्पनशेजारी स्वीडनची २०१२ ची मालिका ठेवली, 'खरी माणसं'. इंग्लंडने तीच २०१५ मध्ये 'ह्यूमन्स' म्हणून केली. तिथेही एक म्हातारा, लेन्नार्ट, आणि ओदी नावाचा जुना यंत्रमदतनीस. ओदी बिघडतो, मोडीत काढायचा असतो, लेन्नार्ट त्याला तळघरात लपवतो. त्याच्या जागी वेरा नावाची नवी शिस्तप्रिय यंत्रबाई येते, जी त्याला लोणी मिळू देणार नाही अशा थाटात वागते. इथे एक फरक जाणवला. स्वीडनच्या घरात मुलगा का आला नाही, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही; म्हातारपण ही व्यवस्थेने बघायची गोष्ट. पय्यनूरच्या घरात तो प्रश्न प्रत्येक दृश्याच्या मागे उभा आहे. यंत्र तेच, म्हातारा जवळपास तोच, पण ते ज्या खुर्चीत बसतं ती खुर्ची वेगळ्या माणसाची.

चीनच्या 'द वाँडरिंग अर्थ'मधला मॉस नावाचा संगणक (२०१९) घाईत उरकला. लाल डोळा हॅलसारखाच, पण त्याचा हिशेब एका यानाचा नसून अख्ख्या मानवजातीचा. अंतराळवीर शेवटी त्याच्यावर व्होडका ओतून आग लावतो. पाटीवर चार ओळी पुरतील. घाई माझ्याकडून झाली, विषयाचा दोष नाही.

९ ऑगस्ट

काल-आज नारळी पौर्णिमा. समुद्राला नारळ दिला. तांडेलाने इंजिनालाही हळद-कुंकू लावलं, जीपीएसच्या डबीलाही. जपानात जुनी समजूत आहे की शंभर वर्षं वापरलेल्या हत्याराला जीव येतो. याची आणि आपल्या खंडेनवमीची गाठ मारायचा मोह होतो आहे, पण मारणार नाही. आपण हत्याराला जीव आहे म्हणून पुजत नाही, ते पोट भरतं म्हणून पुजतो. निदान तांडेलाने मला तसंच सांगितलं.

२४ ऑगस्ट

नऊ पाट्या तयार. क्र. १ आणि क्र. ६ शेजारी. पाट्यांचा क्रम देशांप्रमाणे नाही, जागेप्रमाणे : कुळाची जागा, खलाशाची जागा, मुलाची जागा, सुनेची जागा, लांब गेलेल्या लेकाची जागा. प्रत्येक पाटीखाली देश आणि साल बारीक अक्षरात. समितीला आधी देशांचे झेंडे हवे होते. तासभर बोलले, मानलं त्यांनी.

दहावी पाटी कोरी, तिच्याखाली वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. वर एकच प्रश्न : तुमच्या घरात यंत्र कुणाच्या जागी चालेल?

३१ ऑगस्ट

गणपतीचा पाचवा दिवस. ओटीवर गर्दी मावत नाही. मुंबईची पोरं पाट्यांचे फोटो काढतायत, त्यांच्या पोरांना डोरेमॉनची पाटी सापडली आहे. क्र. ३ वरची शाई ओलीने पसरली, सर्कशीतला मुलगा निळा पडला. उद्या पुन्हा लिहायची.

वहीत आतापर्यंत एकेचाळीस उत्तरं. गृहपाठ करायला, सात जण. भांडी घासायला, बारा. 'बॉसच्या जागी', दोन. 'माझ्या जागी शाळेत, पण डबा मी खाणार', एक.

दुपारी काकी मुलाबरोबर आल्या. मुलगा पाट्या वाचत पुढे गेला आणि शेवटून दुसऱ्या पाटीपाशी थांबला. काकी माझ्याजवळ आल्या. त्यांना लिहायला जमत नाही, म्हणाल्या मी सांगते, तू लिही. मी पेन घेतलं.

"लिही : तां ऱ्हवांदे घरात, माका चलात. पण झिलान गणपतीक येवकच व्हया."

बेचाळीसावं उत्तर म्हणून लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, माझं नाव घातलंस ना? मी म्हटलं, नाव कुणाचंच घालत नाही. तर म्हणाल्या, बरं, मग तारीख घाल.

घातली.